म्हाताऱ्यांच्या औषधांचा हिशेब कुणाकडे?

१८८९ च्या अखेरीस थॉमस लॉडर ब्रंटन हे लंडनचे नामांकित डॉक्टर हैदराबादेत उतरले. शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म दिलेला रुग्ण दगावतो तो आधी हृदय थांबल्यामुळे की आधी श्वास थांबल्यामुळे, हा तेव्हाचा मोठा वाद होता. हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचं मत पक्कं होतं : श्वास आधी थांबतो. ते सिद्ध करण्यासाठी १८८८ साली एक आयोग नेमला गेला. 'लॅन्सेट' या नियतकालिकानं त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा निजाम सरकारनं एक हजार पौंड देऊन 'लॅन्सेट'चाच प्रतिनिधी बोलावून घेतला. तोच हा ब्रंटन. दुसऱ्या आयोगानं कुत्री, माकडं अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. हैदराबादच्या तरुण डॉक्टर रूपाबाई फर्दुनजी, ज्या पुढे भूलतज्ज्ञ म्हणून नावाजल्या, त्यांचाही या कामात हात होता. निष्कर्ष निघाला : श्वासावर लक्ष ठेवा, मग क्लोरोफॉर्मची भीती नाही.

आयोगाची मेहनत खरी होती, पण त्याची सगळी नजर टेबलावरच्या काही मिनिटांवर खिळली होती. पाचच वर्षांनी, १८९४ मध्ये, लंडनच्या लेनर्ड गथ्री यांनी काही मुलांच्या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया नीट पार पडली होती, मूल शुद्धीवरही आलं होतं. नंतर केव्हातरी उलट्या, गुंगी आणि मृत्यू. शवविच्छेदनात यकृत चरबीनं भरलेलं. भूल उतरून गेल्यावर क्लोरोफॉर्म यकृत पोखरत होता आणि तोवर टेबलापाशी कुणी उरलेलं नव्हतं. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी हृदयाबद्दलचा हैदराबादचा निष्कर्षही अपुरा ठरवला, पण तो वेगळा विषय.

यकृताची इजा उशिरा बोलते. औषध आज घेतलं जातं, आणि डोळे पिवळे होतात ते दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी, कधी औषध बंद केल्यावरसुद्धा. म्हणून ती ओळखायची तर मधल्या काळात काय काय पोटात गेलं याची आठवण ठेवणारं कुणीतरी हवं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत नेमकं तेच कुणी उरलेलं नाही. वृद्धांच्या यकृताला औषधांमुळे होणाऱ्या इजेचं खापर आपण वयावर फोडतो. माझं म्हणणं असं की वयाचा दोष थोडा आहे, आणि त्या वयातल्या औषधांचा हिशेब कुणाकडेच नसण्याचा दोष फार मोठा आहे. वय कुणाला थांबवता येत नाही. हिशेब मात्र ठेवता येतो.

आधी वयाचा वाटा किती, ते प्रामाणिकपणे पाहू. वाढत्या वयात यकृत आक्रसतं. त्याचं आकारमान २० ते ४० टक्क्यांनी घटतं आणि त्यातून वाहणारं रक्त साधारण एक तृतीयांशानं किंवा त्याहून जास्त कमी होतं. औषध मोडण्याच्या पहिल्या टप्प्यातली कामं मंदावतात, मूत्रपिंडंही हळू चालतात, त्यामुळे औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं. इजेचं रूपही बदलतं : तरुणांत यकृताच्या पेशी थेट मरण्याचं प्रमाण जास्त, तर वृद्धांत पित्त तुंबण्याचं, म्हणजे खाज आणि रेंगाळणाऱ्या काविळीचं. हे सगळं खरं आहे.

आइसलँड हा छोटा, नोंदी चोख ठेवणारा देश. तिथे २०१० आणि २०११ या दोन वर्षांत देशभरातल्या औषधजन्य यकृत-इजेची मोजदाद झाली. वर्षाला दर लाखात सुमारे १९ रुग्ण. पंधरा ते एकोणतीस या वयात लाखात ९ च्या आसपास, तर सत्तरीपुढे ४१. आकडा चौपटीहून जास्त आहे आणि तो पाहून कुणीही म्हणेल, वयच कारणीभूत. पण सत्तरीच्या माणसाला लिहून दिली जाणारी औषधंही तरुणापेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि वाढलेल्या आकड्याचा मोठा भाग या वाढलेल्या औषधांतच मुरलेला असतो. इजेला औषधच कारणीभूत आहे का, हे ठरवण्यासाठी १९९३ साली एक गुणपद्धती तयार झाली. जगभरचे तज्ज्ञ ती वापरतात. तिच्यात वय ५५ च्या पुढे असलं की एक गुण आपोआप मिळायचा. २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा वयाचा तो गुण काढून टाकला गेला. निव्वळ म्हातारपण हा पुरावा होऊ शकत नाही, हे शास्त्रानं मान्य केलं. आपल्या घरांनी अजून केलेलं नाही.

वयाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याचाही दाखला आहे. बेनोक्साप्रोफेन हे सांधेदुखीचं औषध १९८० साली ब्रिटनमध्ये 'ओप्रेन' या नावानं आलं. सांधे दुखतात ते मुख्यतः म्हाताऱ्यांचे, पण या औषधाचा म्हाताऱ्या शरीरात काय प्रवास होतो याचा अभ्यास पुरेसा झालेला नव्हता. मे १९८२ मध्ये बेलफास्टच्या टॅगर्ट आणि ऑल्डरडाइस या दोन डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कळवलं की हे औषध घेणाऱ्या वृद्ध रुग्णांना कावीळ होऊन मृत्यू येत आहेत. वृद्धांच्या शरीरातून ते बाहेर पडायला तरुणांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत होता, आणि रोजच्या गोळीनं ते साठत जात होतं. ऑगस्ट १९८२ मध्ये औषध मागे घेतलं गेलं. तोवर ब्रिटनमध्ये ६१ मृत्यूंची नोंद झाली होती. या प्रकरणात वयाची भूमिका उघड आहे, पण वृद्ध दगावले ते त्यांच्यासाठी डोस कुणी मोजलाच नव्हता म्हणून. आणि उलगडा झाला तो दोन डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या गोळ्या आणि त्यांच्या काविळी एकत्र मांडून पाहिल्या म्हणून.

आता हैदराबादेत या. नांदेड, लातूर, परभणीकडच्या माणसांसाठी हे शहर परकं नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजही यकृताचं किंवा स्वादुपिंडाचं दुखणं नांदेडला आटोक्यात आलं नाही की लोक रात्रीची गाडी धरून इथेच येतात. पंजागुट्ट्याचं निम्स, सोमाजीगुडा आणि गच्चीबावलीचं एआयजी, अफझलगंजचं उस्मानिया ही नावं मराठवाड्यातल्या घराघरांत ठाऊक आहेत. यातल्या कुठल्याही रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलं की मराठी कानावर पडतं, आणि सत्तरीच्या रुग्णाच्या मांडीवर एक पिशवी दिसते. साडीच्या दुकानाची किंवा किराणा मालाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घरातली सगळी औषधं.

ही पिशवी नीट उघडून पाहावी. रक्तदाबाची गोळी, साखरेच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक, ॲसिडिटीची एक, झोपेची अर्धी. यांची पाकिटं नीट असतात, कारण ती महिन्याची एकदम घेतलेली. त्यांच्या खाली सुट्या पट्ट्या. चार गोळ्या मागितल्या म्हणून दुकानदारानं कात्रीनं पट्टी कापून दिलेली, आणि कापलेल्या तुकड्यावर औषधाच्या नावातली जेमतेम दोन-तीन अक्षरं उरलेली. मुदत संपण्याची तारीख दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी. मग गुडघ्याच्या डॉक्टरांची गोळी, दाताच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात दिलेल्या प्रतिजैविकाच्या उरलेल्या दोन, शेजारणीला गुण आला म्हणून आणलेली हर्बल कॅप्सूल, आणि तळाशी अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेली हळदीच्या अर्काची बाटली. ही पिशवी पाच-सहा जणांनी मिळून भरलेली असते. तिच्यात एकूण काय आहे, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसतं.

साधा हिशेब करू. गुडघेदुखीसाठी ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी फार चालते; एकीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. दिवसाला दोन, म्हणजे ६५०. मध्येच ताप आला, ६५० ची गोळी तीन वेळा, म्हणजे १,९५०. सर्दीही आहे, म्हणून दुकानातून आणलेली सर्दीची गोळी. तिच्या काही प्रकारांत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. तीही तीन वेळा, म्हणजे १,५००. बेरीज ४,१०० मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढ माणसासाठी दिवसाची मर्यादा ४,००० मानतात, आणि अशक्त, कमी वजनाच्या वृद्धांना डॉक्टर दोन-तीन हजारांच्या पुढे जाऊ देत नाहीत. तीन गोळ्यांची नावं तीन, रंग तीन, कारणं तीन, औषध एकच. पॅरासिटामॉल मोडताना एक विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृतातलं ग्लुटाथिओन त्याला निकामी करतं. पोटात पुरेसं अन्न नसलं की ग्लुटाथिओनचा साठा उतरतो. ताप आला म्हणून चार दिवस नुसत्या पेजेवर काढणारी, चातुर्मासात एकभुक्त राहणारी, चाळीस किलोची आजी ही नेमकी तीच व्यक्ती जिला ही बेरीज सोसत नाही. यात तिच्या वयाला कितीसा दोष द्यायचा? पहिली इयत्ता शिकलेल्या कुणालाही जमणारी ही बेरीज आपण केली नाही, एवढाच याचा अर्थ.

पॅरासिटामॉलची इजा डोसावर ठरते, म्हणून ती बेरजेनं टाळता येते. पण बहुतेक औषधांची इजा अशी सरळ नसते. हजारोंना चालणारं औषध एखाद्याच्याच यकृताला बाधतं आणि ते कुणाला बाधेल हे आधी सांगता येत नाही. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांचं संयुक्त प्रतिजैविक हे त्याचं जगभरातलं ठळक उदाहरण. दात, सायनस, छाती, जखम, कशासाठीही ते दिलं जातं. वयस्कर पुरुषांना त्याचा धोका जास्त, आणि कावीळ पुष्कळदा पाच-सात दिवसांचा कोर्स संपून काही आठवडे उलटल्यावर उगवते. त्या वेळी डॉक्टर विचारतात, "सध्या कुठली औषधं चालू आहेत?" रुग्ण खरं तेच सांगतो : बीपीची आणि साखरेची. दाताच्या गोळ्या तर केव्हाच संपलेल्या असतात. 'सध्या' या शब्दात उत्तर हरवतं. प्रश्न 'गेल्या तीन महिन्यांत काय काय घेतलं' असा हवा, आणि त्याचं उत्तर कागदावर हवं.

भारतात या दुखण्याचा चेहरा पाश्चात्त्य देशांहून वेगळा आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे हर्षद देवरभावी यांच्या पुढाकारानं देशातल्या अनेक रुग्णालयांनी २०१३ ते २०१८ या काळातल्या १,२८८ रुग्णांची नोंद केली. त्यांत सर्वाधिक, सुमारे ४६ टक्के, रुग्ण क्षयरोगाच्या औषधांमुळे आजारी पडलेले होते. त्याखालोखाल, जवळपास १४ टक्के, पर्यायी आणि पारंपरिक औषधांमुळे. दर शंभरांमागे सुमारे १२ जण दगावले. हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञानं फार पूर्वी सांगून ठेवलं होतं की औषधानं यकृताच्या पेशी मरून वर कावीळही झाली, तर दहातला साधारण एक रुग्ण वाचत नाही. आपले आकडे त्याला दुजोराच देतात.

क्षयाच्या औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला बाधू शकतात. इथे वयाचा धोका खराच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत आयसोनियाझिड घेणाऱ्या जवळपास १४ हजार लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. विशीच्या आत यकृतदाह जवळजवळ नव्हताच. पस्तीस ते एकोणपन्नास वयात तो शंभरात १.२ जणांना झाला, पन्नास ते चौसष्टमध्ये २.३ जणांना. पण या आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनंही पाहावं. पन्नाशीपुढच्या शंभरातल्या सत्त्याण्णवांहून जास्त जणांना काहीच झालं नाही. क्षय तर उपचाराविना पुष्कळदा माणसाला नेतो. तेव्हा औषध नाकारणं हा मार्ग नाही; औषध सुरू करण्याआधी आणि सुरू असताना यकृताची तपासणी करणं, आणि त्रास दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठणं हा मार्ग आहे. तज्ज्ञांचा नियम ठरलेला आहे : लक्षणं असतील आणि यकृताचं एएलटी, म्हणजे आपण ज्याला एसजीपीटी म्हणतो ते, सामान्य मर्यादेच्या तिपटीपुढे गेलं, किंवा लक्षणं नसताना पाचपटीपुढे गेलं, तर गोळ्या थांबवायच्या, यकृत सावरू द्यायचं, आणि मग एकेक औषध सांभाळून पुन्हा सुरू करायचं. हा नियम पाळायला मोठं रुग्णालय लागत नाही. लक्ष ठेवणारं माणूस लागतं.

आता काढ्याकडे. या विषयावर बोललं की लोक दुखावतात, हे मला ठाऊक आहे. पण टाळून चालणार नाही, कारण पिशवीतल्या ज्या वस्तू डॉक्टरांना सांगितल्याच जात नाहीत त्यांत पहिली ही असते. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. अंगणातली, कुंपणावरची वेल तोडायची, ठेचायची, दालचिनी-लवंगेबरोबर उकळायची, आणि घरातल्या ज्येष्ठांना आधी द्यायची, कारण धोका त्यांनाच जास्त. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेतलेले यकृतदाहाचे सहा रुग्ण आढळले. यकृततज्ज्ञ आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०२१ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडले. त्यांतल्या ६२ वर्षांच्या एक बाई वाचू शकल्या नाहीत. आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष अमान्य केला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीच्या जागी तिच्यासारखीच दुसरी वेल वापरली गेली असेल, असं म्हटलं. पुढच्या वर्षी हैदराबादच्या एआयजीमधले आनंद कुलकर्णी आणि देशभरातल्या इतर रुग्णालयांतले डॉक्टर यांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. अनेकांच्या यकृतदाहाचं रूप स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं यकृतावर हल्ला करावा तसं होतं, आणि काहींना आधीपासून यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा लपलेला आजार होता.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला : हजारो वर्षं चालत आलेलं औषध अपायकारक कसं असेल? पण आजी गुळवेल घ्यायची ती वैद्यांनी नाडी पाहून, ठरावीक दिवसांसाठी सांगितलेली. महिनोन्‌महिने, रोज, निरोगी माणसानं प्रतिबंध म्हणून घेणं ही परंपरा नव्हे. परंपरेत वैद्य होता, मात्रा होती, पथ्य होतं. ते तिन्ही काढून टाकून उरलेल्या वेलीवर परंपरेचा शिक्का मारणं हा परंपरेवरच अन्याय आहे. हळदीचंही तेच. स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी आणि मिरीच्या अर्कासह कॅप्सूलमध्ये दाबून भरलेला तिचा अर्क वेगळा. मिरीचा अर्क मुद्दाम घालतात तो हळदीचा अंश रक्तात जास्त उतरावा म्हणून, आणि अशा कॅप्सूलनंतर यकृतदाह झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झालेल्या आहेत. दुसरा आक्षेप : आधुनिक औषधांनीही यकृत बिघडतंच, मग आयुर्वेदालाच बोल का? बरोबर आहे, वरच्या नोंदीत पहिला क्रमांक आधुनिक औषधांचाच आहे. म्हणूनच हिशेब दोन्हींचा हवा. तिसरा आक्षेप मंत्रालयाचा : वेल कुठली होती? हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर काढ्याची वेल जपून ठेवली, ती तपासली आणि नोंद केली तरच मिळतं. नोंद करणाऱ्यावर रागावून मिळत नाही.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला सगळ्यांत क्लेशकारक वाटते. औषधानं यकृत बिघडू लागलं की पहिली लक्षणं कोणती? भूक जाणं, मळमळ, थकवा, अंगाला खाज, लघवी गडद होणं. तिशीतल्या मुलाला असं झालं तर घर त्याच दिवशी डॉक्टरांकडे धावतं. सत्तरीच्या आईला झालं की ऐकू येतं, "आता वय झालं, जेवण कमी होणारच." खाज आली की खोबरेल तेल चोळलं जातं. ती स्वतःही सांगत नाही, कारण मुलांना त्रास नको. डोळे पिवळे झाल्यावर घर हलतं, आणि तेव्हाही पुष्कळ घरं आधी काविळीचं औषध देणाऱ्याकडे जातात : झाडपाल्याचा रस, नाकात थेंब, गळ्यात माळ. यकृत आधीच एका औषधानं घायाळ झालेलं, त्यावर दुसरं, ज्याचं नावही सांगितलं जात नाही. त्यात आठ-पंधरा दिवस जातात. हे पंधरा दिवस पुढे हैदराबादच्या अतिदक्षता विभागात भरून निघत नाहीत.

कावीळ झाली की ती औषधाचीच, असंही धरून चालता येत नाही. दूषित पाण्यातून येणारा हेपॅटायटिस ई आपल्याकडे पावलोपावली आहे. २००५ साली खुद्द हैदराबादेत त्याची मोठी साथ आली होती. पित्ताशयातले खडे, विषाणू, दारू, गाठ हे सगळं तपासून बाजूला सारल्यावर औषधावर बोट ठेवता येतं, कारण औषधजन्य इजेची खूण पटवणारी एकच अशी चाचणी नाही. म्हणजे पुन्हा तेच : निदान उभं राहतं ते कुठलं औषध केव्हा सुरू झालं आणि केव्हा बंद झालं, या तारखांवर. तारखा नसतील तर उत्तमातलं उत्तम यंत्रही मुकं राहतं.

असा लेख वाचून कुणी उद्या आईच्या गोळ्या बंद करेल, ही भीती मलाही आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. रक्तदाबाच्या, साखरेच्या, क्षयाच्या गोळ्या मनानं बंद करणं हा यकृताच्या इजेपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांचं नाव यकृताच्या संदर्भात उगाच बदनाम आहे. त्यांनी यकृताचे आकडे थोडे वाढतात आणि पुष्कळदा आपोआप खाली येतात; गंभीर इजा विरळा. वर सांगितलेल्या १,२८८ रुग्णांत स्टॅटिनचा वाटा दीड टक्क्याच्याही आत होता. हिशेब ठेवायचा तो नको असलेलं औषध गळावं आणि हवं असलेलं निर्धास्त घेता यावं म्हणून.

मग हा हिशेब ठेवायचा कुणी? एके काळी तो फॅमिली डॉक्टरांकडे होता. आजोबांना पेनिसिलिन सोसत नाही, आजीला कुठल्या गोळीनं पुरळ आलं, हे त्यांच्या डोक्यात असायचं. आज गुडघ्याचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, साखरेचा वेगळा; प्रत्येक जण आपल्या अवयवापुरता हुशार. सगळं मिळून एक माणूस होतो, त्याच्याकडे पाहणारं कुणी नाही. तेव्हा पहिली जबाबदारी डॉक्टरांची. साठीपुढच्या रुग्णाला नवं औषध लिहिण्याआधी जुन्यांची पूर्ण यादी मागणं आणि त्यातलं एखादं कमी करता येईल का हे पाहणं, यालाही उपचार म्हणावं. वेळ नसतो ही तक्रार खरी आहे, पण पिशवी टेबलावर उपडी करून पाहायला लागणारी पाच मिनिटं पुढचे कित्येक दिवस वाचवतात.

दुसरी जबाबदारी औषध दुकानाची. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी नोंदणीकृत फार्मासिस्टवर रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगण्याचं काम सोपवलं आहे. प्रत्यक्षात काउंटरवर फार्मासिस्ट क्वचितच भेटतो आणि चिठ्ठीविना प्रतिजैविकं सर्रास मिळतात. पट्टी कापून द्यावीच लागली तर निदान नाव आणि तारीख पाकिटावर लिहून द्यावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

तिसरी जबाबदारी हैदराबाद शहराची आणि त्याच्या औषध उद्योगाची. १९६१ साली स्थापन झालेल्या सरकारी आयडीपीएल कंपनीचा कारखाना बालानगरला उभा राहिला. तिथेच काम केलेले अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज सुरू केली. आज पॅरासिटामॉलच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी ग्रॅन्यूल्स इंडिया इथलीच. देशाच्या औषधांचा मोठा हिस्सा हैदराबाद आणि त्याच्या आसपास बनतो. जे शहर इतकी औषधं बनवतं, त्यानं पट्टीवर औषधाचं मूळ नाव प्रत्येक गोळीमागे, मोठ्या अक्षरांत, देवनागरीत आणि तेलुगूतही छापावं. म्हणजे कात्रीनं कापलेल्या तुकड्यावरही ते वाचता येईल, आणि तीन रंगांच्या गोळ्यांत एकच पॅरासिटामॉल आहे हे चष्मा लावलेल्या आजोबांना स्वतः कळेल.

चौथी जबाबदारी नोंदीची. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१० पासून आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही कळवू शकतात, आणि आयुर्वेदिक औषधांसाठीही वेगळी नोंदव्यवस्था आहे. तिचा उपयोग फार कमी होतो. रुग्ण बरा झाला की घर विसरतं, दगावला की बोलावंसं वाटत नाही. बेलफास्टच्या दोन डॉक्टरांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर ओप्रेन आणखी किती काळ विकलं गेलं असतं?

शेवटी घर. यात कुणाच्याही परवानगीची वाट पाहायची नाही. आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची पिशवी या रविवारी टेबलावर उपडी करा. एका वहीत प्रत्येक औषधाचं मूळ नाव, डोस, कुणी दिलं, केव्हा सुरू झालं, केव्हा बंद झालं हे लिहा. काढा, चूर्ण, हळदीची कॅप्सूल, शेजारणीची गोळी आणि परदेशातून आलेली बाटलीही त्याच वहीत लिहा, न लाजता. सुट्या, नाव नसलेल्या गोळ्या फेकून द्या. कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना, मग ते दाताचे का असेनात, वही बरोबर न्या आणि नवं औषध त्यांच्यासमोरच लिहून घ्या. आईला भूक नाही, खाज सुटते, लघवी गडद झाली असं कळलं तर वयाचं नाव घेऊ नका. दुसऱ्याच दिवशी यकृताची तपासणी करून घ्या. एक वही, एक पेन आणि ती लिहिणारं घरातलं एक माणूस, एवढाच याचा खर्च आहे. तो आपल्या प्रत्येकाला परवडतो.